घरच्या हातोड्याला पोलाद कोणते आणि दांडा कशाचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भागात मुलांसाठी अवजारे बनवण्याचे आठ दिवसांचे शिबिर भरले होते. शेजारच्या वाड्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा तिथून स्वतः तयार केलेला हातोडा घेऊन मोठ्या आनंदाने घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, एका जुन्या छिन्नीवर घाव घालत असताना, त्या हातोड्याचा टवका उडून त्याच्या डाव्या हातात कोपराखाली घुसला. तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा डॉक्टरांनी छोटी चीर देऊन काढला, दोन टाके पडले आणि तेवढ्यावर निभावले. तोच तुकडा हातभर वर उडाला असता तर डोळा गेला असता, असे त्याची आजी मला सांगत होती तेव्हा तिचा आवाज कापत होता. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चौतीस वर्षे काम केले असल्यामुळे आजींनी तो हातोडा माझ्याकडे आणून दिला. तो नीट पाहिल्यानंतर हे पत्र लिहिल्यावाचून मला राहवेना. पत्र लांबले आहे, परंतु विषय तोडून सांगण्यासारखा नाही, म्हणून आपण ते पूर्ण छापावे अशी विनंती आहे.

हातोडा दिसायला देखणा होता. मोठ्या बेअरिंगमधली सुमारे ५० मिलिमीटर व्यासाची गोळी, तिला वेल्डिंगने जोडलेला जस्ताचा मुलामा असलेला अर्धा इंची पाण्याचा पाइप आणि मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे, अशी त्याची रचना होती. गोळी आरशासारखी लखलखत होती. टवका जिथून निघाला तिथे मी भिंग धरून पाहिले, तेव्हा धातू दबल्याची किंवा ओढला गेल्याची कोणतीही खूण तिथे नव्हती; शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा उथळ, गुळगुळीत खळगा तेवढा होता. जाड काचेचा टवका उडतो तेव्हा असाच खळगा पडतो. वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी बारीक भेग निघून गोळीच्या जवळजवळ निम्म्या घेरापर्यंत गेलेली होती. म्हणजे त्या दिवशी टवका उडाला नसता, तर पुढे केव्हातरी अर्धा किलोची ती गोळी पाइपापासून सुटून कोणाच्या तरी अंगावर गेली असती.

शिबिर घेणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. मुलांच्या हाती कानस आणि करवत देणारी माणसे आज फार थोडी उरली आहेत आणि त्यांचे मला कौतुकच आहे. पण सामान निवडताना ‘जितके कठीण तितके चांगले’ हा जो सर्वसाधारण समज असतो, तोच इथे घातक ठरला. हातोड्याला कठीणपणा लागतो हे खरे, परंतु त्याहून आधी चिवटपणा लागतो, आणि हे दोन्ही गुण एकाच पोलादात वाढवत नेता येत नाहीत. एक वाढवला की दुसरा घटतो. काच पोलादी सुरीनेही सहसा ओरखडत नाही इतकी कठीण असते, म्हणून काचेचा हातोडा कोणी करत नाही. हातोड्याच्या तोंडावर दर घावाला जो धक्का बसतो तो त्या धातूने किंचित दबून सोसला पाहिजे. ज्याला दबता येत नाही तो धातू फुटतो, आणि पोलाद फुटते तेव्हा तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो.

आपण बोलताना सगळ्यालाच लोखंड म्हणतो आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. लोखंडात कर्ब, म्हणजे कार्बन, किती मुरलेला आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. खिडकीचे गज, पट्ट्या, अँगल ज्यापासून करतात त्या माइल्ड स्टीलमध्ये, म्हणजे बाजारातल्या एमएसमध्ये, कर्ब पाव टक्क्याहून कमी असतो. ते चिवट असते, कानशीला लोण्यासारखे लागते, पण त्याला पाणी धरत नाही, म्हणजे तापवून पाण्यात बुडवले तरी ते म्हणण्यासारखे कठीण होत नाही. त्याच्या वरच्या पायरीवर मध्यम कर्बाचे पोलाद येते. आपल्याकडच्या दुकानांत ते ईएन ८ आणि ईएन ९ या नावांनी मिळते. पहिल्यात कर्ब ०.४ टक्क्याच्या आसपास आणि दुसऱ्यात ०.५ ते ०.६ टक्के असतो. आणखी वर गेले की ईएन ३१ लागते. बेअरिंगच्या गोळ्या आणि कडी त्याचीच असतात. त्यात कर्ब सुमारे १ टक्का आणि क्रोमियम सुमारे दीड टक्का असते आणि रॉकवेल मापावर त्याची कठीणता ६० च्या वर नेलेली असते. चांगल्या कारखान्यातल्या हातोड्याचे तोंड याच मापावर साधारण ५० ते ५८ च्या दरम्यान ठेवतात. आकडे जवळचे वाटतात, पण कामात त्यांच्यातला फरक मोठा पडतो. बेअरिंगच्या गोळीला आयुष्यभर गुळगुळीत कड्यावरून घरंगळायचे असते, घाव घालायचे नसतात. तिचा स्वभाव तिच्या कामाला योग्य आहे. आपण तिला भलत्या कामाला लावतो.

जुन्या कानशीची गोष्टही हीच. कानशीत कर्ब १ टक्क्याच्या वर असतो आणि ती इतकी कडक असते की व्हाइसमध्ये धरून ठोसा दिला तर खट्कन दोन तुकडे होतात. कानशीपासून हातोडी करू पाहणारी मुले मी पाहिली आहेत आणि प्रत्येकाला थांबवले आहे. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तर नावच नको. जुन्या तराजूची अर्धा किलोची आणि किलोची षट्कोनी वजने रद्दीवाल्याकडे दिसली की मुलांना ती हातोड्याच्या डोक्यासारखी वाटतात, वजनही आयते छापलेले असते. पण बिडात कर्ब २ टक्क्यांच्या वर, बहुधा ३ ते ४ टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत तयार असलेली एक भेग समजावी. बीड दाब उत्तम सोसते, म्हणून यंत्रांच्या बैठका त्याच्या करतात. धक्का मात्र त्याला सोसत नाही.

मग घरी हातोडा करायचा तर काय घ्यावे? माझे उत्तर सरळ आहे. ईएन ८ चा चौरस किंवा गोल तुकडा घ्यावा. भवानी पेठेत किंवा भोसरीच्या बाजूला पोलाद विकणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे वजनावर मिळू शकतात. नवा तुकडा परवडत नसेल तर जुना शाफ्ट पाहावा. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यवहारातून निघालेले भंगार असते आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही असे तुकडे हाती लागतात. विजेच्या मोटरचा शाफ्ट बहुधा मध्यम कर्बाचा असतो. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद चिवट आणि उत्तम असते, पण पाटा चपटा असल्यामुळे त्यातून हातोड्याचे डोके निघत नाही. त्याच्या छिन्न्या चांगल्या होतात. रुळाचा तुकडा पुष्कळांना मोहात पाडतो, कारण ते पोलाद भक्कम असते आणि त्याची छोटी ऐरण छान होते. परंतु रेल्वेचा माल भंगारातून विनापावती घेणे हा रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ खाली अडचणीत येण्याचा मार्ग आहे. मुलांच्या शिबिरात तर तो आणूच नये.

वजनाचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा, कारण त्यात शाळेतले गणित उपयोगी पडते. पोलादाचा एक घन सेंटिमीटर सुमारे ७.८५ ग्रॅम भरतो. २५ मिलिमीटर चौरस आणि ९० मिलिमीटर लांब तुकड्याचे आकारमान सव्वाछप्पन्न घन सेंटिमीटर, म्हणजे वजन सुमारे ४४० ग्रॅम. मधोमध दांड्याचे भोक, म्हणजे नेढे, ११ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर लांब असे लंबगोल काढले की चाळीसेक ग्रॅम कमी होतात आणि ४०० ग्रॅमचा हातोडा उरतो. घरात खिळे ठोकायला आणि हलक्या छिन्नीकामाला यापेक्षा जास्त वजन लागत नाही. नेढ्याच्या दोन्ही बाजूंना ७-७ मिलिमीटर भिंत राहते, तीही पुरेशी आहे. नेढे गोल मात्र कधीच काढू नये. गोल भोकात दांडा फिरतो आणि घाव तिरका पडतो.

भंगारातला तुकडा नेमका कशाचा आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि माझ्या मते शिबिरातले पहिले दोन दिवस केवळ याच ओळखीवर घालवले पाहिजेत. लोहचुंबकाने लोखंड की पितळ-अॅल्युमिनियम एवढेच कळते. लोखंडांतला आपापसातला फरक चुंबक सांगत नाही. कानस जास्त सांगते. तुकड्याच्या कोपऱ्यावर नवी कानस हलके दाबून ओढावी. ती धरून चावली तर धातू मऊ आहे आणि कामाचा आहे. ती काचेवरून घसरल्यासारखी सर्रकन घसरली तर त्या तुकड्याला पाणी दिलेले आहे आणि तो तसाच हातोड्याला घेऊ नये. बीड ओळखायचे तर ड्रिल लावावे: पोलादातून कुरळी, लांब चिप निघते आणि बिडातून काळसर भुकटी पडते, जी बोटांना पेन्सिलच्या शिशासारखी लागते.

सगळ्यांत बोलकी परीक्षा ठिणगीची. संध्याकाळच्या अंधूक उजेडात, संरक्षक चष्मा लावून, ओळखीच्या एमएसचा तुकडा ग्राइंडरवर टेकवला की लांब, सरळ, पिवळसर रेषा जातात आणि टोकाला क्वचित एखादा फाटा फुटतो. ईएन ८ ला तेच फाटे जास्त दिसतात. बेअरिंगची गोळी किंवा कानस टेकवली तर दगडापासून थोड्याच अंतरावर ठिणग्यांची फुलबाजी फुटू लागते, बारीक चांदण्यांचे दाट झुबके दिसतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद तांबूस असतात. ओळखीचे तुकडे शेजारी ठेवून पाळीपाळीने पाहिले तर दहा-बारा वर्षांच्या मुलालाही हा फरक तासाभरात समजतो. त्या जखमी मुलाला मी हे माझ्या अंगणात दाखवले. गोळीच्या ठिणग्या पाहून तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘आजोबा, हे तर आधीच दिसलं असतं.’’ खरोखरच आधी दिसले असते. त्याला ते कोणी दाखवले नाही, ही चूक त्याची नाही.

आता वेल्डिंगविषयी. ज्या पोलादात कर्ब जास्त, ते वेल्डिंगला तितके कुरकुरते. वेल्डिंगच्या वेळी जोडालगतची अरुंद पट्टी लालभडक होते आणि भोवतालचा थंड धातू तिची उष्णता झटक्यात शोषून घेतो. म्हणजे नकळत त्या पट्टीला पाणी दिल्यासारखे होते आणि ती ठिसूळ बनते. भेग तिथूनच निघते. मोठ्या कारखान्यांत असे काम करताना आधी तुकडा गरम करून घेतात आणि नंतर सावकाश निवू देतात, पण शिबिराच्या मांडवात ते जमत नाही. त्यात पाइपावर जस्ताचा मुलामा. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, तर वेल्डिंगचा झोत त्याच्या कितीतरी पलीकडचा. जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. आमच्या कारखान्यात नवा वेल्डर असा तापाने फणफणला की जुने लोक मुलामा घासून न काढल्याबद्दल त्याला रागवत. मुलांच्या जवळपास हे काम होताच कामा नये. म्हणून माझा आग्रह आहे की घरच्या हातोड्याचा जोड वेल्डिंगचा नसावा, नेढ्यात बसवलेल्या लाकडी दांड्याचाच असावा. लोखंडी पाइपाचा किंवा बांधकामाच्या सळईचा दांडा दर घावाचा हादरा थेट मनगटात आणि कोपरात पोचवतो. लाकूड तो हादरा बराचसा स्वतःत जिरवते.

पाणी देण्याविषयी मतभेद होऊ शकतो, म्हणून माझे मत स्पष्ट लिहितो. मुलांनी केलेल्या हातोड्याला पाणी देऊच नये. ईएन ८ चा तुकडा जसा मिळतो तसाच ठेवला तरी तो खिळे ठोकायला पुरतो. वर्षभराने तोंडाची कड थोडी पसरेल, बारीक खळगे पडतील, तेव्हा कानशीने तोंड सारखे करावे आणि कडा पुन्हा गोलसर माराव्यात. मऊ हातोड्याला खळगे पडतात, तेवढेच. जास्त कडक हातोड्याचे टवके उडतात. यांतला कोणता दोष पत्करायचा हे सांगायला नको. ज्या मोठ्या माणसाला पाणी द्यायचेच असेल त्याने ते फक्त तोंडाला द्यावे. तोंडाकडचा बोटभर भाग लाल करावा; चुंबक लावून पाहावा आणि तो चिकटेनासा झाला, म्हणजे सुमारे ७७० अंश गाठले, की त्याच्या थोडे वर नेऊन तेवढाच भाग बुडवून हलवत राहावे. नेढ्याकडचा भाग मऊ आणि चिवटच राहिला पाहिजे. मग पाणी उतरवावे, म्हणजे पुन्हा थोडे तापवून जादा कडकपणा कमी करावा लागतो, आणि पुष्कळ जण नेमकी हीच पायरी गाळतात. तोंड पॉलिशकागदाने उजळून मधल्या भागाकडून सावकाश ऊब द्यावी, म्हणजे उजळ पोलादावर रंग सरकत येतात: आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हातोड्याच्या तोंडावर गडद गवती ते तपकिरी रंग आला, म्हणजे साधारण २३० ते २५० अंश झाले, की थांबावे. आमच्या गावचे लोहार हे रंग पाहण्यासाठी भट्टीवर मुद्दाम सावली धरत, कारण भर उन्हात रंग फसवतात.

दांड्याच्या लाकडाविषयी मला जास्त सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हल्ली जो तो अमेरिकेतल्या हिकरीची आणि विलायतेतल्या अॅशची नावे घेतो आणि ती मिळत नाहीत म्हणून हाती लागेल ती फळी तासतो. आपल्या मुलखात बैलगाडीची चाके, नांगर आणि कुदळींचे दांडे पिढ्यान् पिढ्या बाभळीचे होत आले आहेत. बाभूळ जड आहे, चिवट आहे, तिचा रेशा एकमेकांत गुंतलेला असतो, त्यामुळे ती धक्क्याने सहज चिरफळत नाही. सह्याद्रीतला धावडाही तसाच. गाड्यांचे आंस त्याचे करत. सागवानाला मी हातोड्यासाठी नाही म्हणतो. सागवान ऊन-पावसात वाकत नाही, वाळवी त्याला टाळते, दारे-खिडक्यांना त्याच्यासारखे लाकूड नाही. पण अचानक बसणाऱ्या धक्क्याने ते रेषेत चिरते. आंबा आणि पाइन मऊ पडतात. क्रिकेटच्या मोडक्या बॅटची मूठ वापरण्याची कल्पना मुलांना हमखास सुचते, परंतु ती मूठ वेताच्या कांड्या चिकटवून केलेली असते आणि नेढ्यात बसवण्यासाठी तासली की सुटी होते.

लाकूड मिळवण्यासाठी टेकडीवरच्या झाडाला हात लावू नये. शहरात झाड तोडण्याला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची परवानगी लागते आणि ओले लाकूड तसेही निरुपयोगी असते. बोहरी आळीत कुदळी-फावड्यांचे तयार दांडे मिळतात, त्यांतला एक निवडून आखूड करावा. टिंबर मार्केटमधून तुकडा आणला तर तो वर्षभर तरी घरात सावलीत पडू द्यावा. एक इंच जाडीला एक वर्ष हा साधारण ठोकताळा आहे. निवडताना लाकडाची रेषा, म्हणजे त्याचे रेशे ज्या दिशेने धावतात ती, पाहावी. रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेली हवी. ती मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर दांडा तिथेच तुटणार, मग लाकूड कितीही चांगले असो. रेषा डोळ्यांना दिसत नसेल तर शाईच्या पेनातला एक थेंब तासलेल्या बाजूवर सोडावा. शाई रेशाच्या वाटेने पसरते आणि रेषा कुठे चालली आहे ते स्वतःच दाखवते. एका चांगल्या दिसणाऱ्या शिसवाच्या दांड्यावर मी असा थेंब टाकला होता. सहा इंचांत तो बाजूला निघून गेला आणि तो दांडा मी पायपुसणे झटकायला ठेवला.

दांडा बसवताना एक साधी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. डोके दांड्यावर ठेवून वरून ठोकण्याऐवजी, दांडा हातात उभा धरून डोके खालच्या बाजूला मोकळे लोंबते ठेवावे आणि दांड्याच्या वरच्या, म्हणजे मुठीकडच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यावेत. डोके जड असल्यामुळे जागीच राहू पाहते आणि दांडा त्यात शिरत जातो. पाहणाऱ्याला वाटते की डोके आपोआप वर चढते आहे. नेढे दोन्ही तोंडांकडे किंचित रुंद आणि मध्ये अरुंद ठेवलेले असले म्हणजे टोकाला लाकडी पाचर मारल्यावर दांडा फुलून अडकतो आणि डोके निसटू शकत नाही. लाकडी पाचरेनंतर तिला आडवी एक लोखंडी पाचर मारावी.

पुण्याच्या हवेत या जोडाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडवे आक्रसते, आणि नेढ्यात तर आडवी बाजूच धरलेली असते. म्हणून हातोडे उन्हाळ्यात डुलू लागतात. अशा वेळी हातोडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याची जी घरोघर सवय आहे ती सोडावी. बुडवल्यावर लाकूड फुगते, पण चारी बाजूंनी पोलाद असल्यामुळे त्याचे रेशे आतल्या आत चिरडतात आणि वाळल्यावर ते पहिल्यापेक्षाही बारीक होते. पाचर आणखी ठोकावी, किंवा नवी मारावी. दांड्याला जवसाचे तेल हाताने चोळावे. ते सुकून लाकडात बसते, शेंगदाण्याचे तेल नुसते चिकट राहते. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल हवेशी संयोग पावून तापते आणि ढिगाऱ्यातले बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. ते दोरीवर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

प्रत्येक कामाचा हातोडा वेगळा असतो आणि काही कामांना कडक हातोडा चालतच नाही, हेही मुलांना दाखवावे, आणि त्यासाठी आमच्या कसबा पेठेत तांबट आळीपेक्षा चांगली शाळा नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून ठसे उठवण्याचे काम, करताना हातोड्याच्या तोंडाची प्रत भांड्यावर जशीच्या तशी उमटते. तोंडावर एक बारीक ओरखडा असला तर भांड्यावरच्या शेकडो ठशांत तोच ओरखडा शेकडो वेळा दिसतो, म्हणून तिथल्या कारागिरांना हातोड्याचे तोंड आरशासारखे ठेवावे लागते. पत्रा न चिरडता वळवायचा तर मोगरी हवी, यंत्राचा भाग खूण न उमटवता सरकवायचा तर पितळेची हातोडी हवी. शिशाची हातोडी पूर्वी वापरात होती; शिसे विषारी असल्यामुळे ती घरात आणि मुलांच्या हाती असू नये.

हाताने काम करत शिकण्याचा विचार आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातल्या मुलांना यंत्रकाम, बांधकाम, शेती हे सारे प्रत्यक्ष करत शिकवण्याचा पायंडा पाडला. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे, आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे मुलांनी शिकावे असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे अशी शिबिरे पुढे वाढणार आहेत आणि ती वाढावीत अशीच माझी इच्छा आहे. आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी सामान भंगारातून डोळे मिटून उचलू नये, प्रत्येक तुकड्याची कानशीने आणि ठिणगीने परीक्षा करावी, आणि ज्याच्या हाती हातोडा त्याच्या व त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याखेरीज एकही घाव घालू देऊ नये. हातोड्याने हातोड्यावर मारू नये, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. आपल्या पुरवणीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ सारखे मजकूर येतात, त्यांत अवजारांविषयी लिहिताना कोणते पोलाद आणि कोणते लाकूड हे नाव घेऊन छापावे, एवढी विनंती आपल्यालाही आहे.

शेजारच्या मुलाचे टाके निघाले आहेत. गेल्या रविवारपासून तो माझ्याकडे येतो. ईएन ८ चा ९० मिलिमीटरचा तुकडा व्हाइसमध्ये धरून त्याने नेढ्यासाठी ११ मिलिमीटरची दोन भोके पाडली आहेत आणि मधला धातू गोल कानशीने काढतो आहे. त्याच्या वेगाने अजून दोन रविवार लागतील. माझ्याकडे वर्षापूर्वी तासून ठेवलेले बाभळीचे सहा दांडे आहेत. एक त्याला लागेल. उरलेले पाच शिबिराच्या आयोजकांनी घेऊन जावेत, आणि हवे असल्यास मी माझा ग्राइंडर आणि ओळखीच्या पोलादाचे तुकडे घेऊन पुढच्या शिबिराला स्वतः येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
कसबा पेठ, पुणे